बालसाहित्याचं चर्चासत्र : शिक्षक आणि लेखक एकत्र बसतात तेव्हा मुलांना काय मिळतं?

शहागड हे जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातलं गोदाकाठचं गाव. सोलापूर-धुळे महामार्ग इथं गोदावरी ओलांडतो. पूल पार केला की बीड जिल्ह्यातला गेवराई तालुका सुरू होतो. दोन्ही काठांवर उसाचं पीक आहे, जवळपास साखर कारखाने आहेत आणि दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन तोडीला निघणारी कुटुंबंही याच पट्ट्यात आहेत.

अशा गावात ‘शिक्षक व लेखकांसाठी बालसाहित्य चर्चासत्र’ असा फलक लागला, तर पारावर बसलेला माणूस साधा प्रश्न विचारेल. यातून पोरांना काय मिळणार? प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र त्या दिवशी सभागृहात नेमकं काय होतं, यावर ठरतं.

संमेलन, चर्चासत्र आणि कार्यशाळा

हे तिन्ही शब्द आपल्याकडे सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. पण त्यांचं काम वेगवेगळं आहे.

संमेलन हा उत्सव असतो. ग्रंथदिंडी, अध्यक्षीय भाषण, कविसंमेलन, पुस्तकांचे स्टॉल. मुलांसाठीच्या साहित्याचं असं स्वतंत्र व्यासपीठ मराठीत १९७० च्या दशकात अमरेंद्र गाडगीळ यांच्या पुढाकारानं उभं राहिलं आणि पहिल्या बालकुमार साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद ‘फास्टर फेणे’चे लेखक भा. रा. भागवत यांना मिळालं.

चर्चासत्रात एखादा विषय ठरवून त्यावर निबंध वाचले जातात आणि चर्चा होते. साहित्य अकादमी, विद्यापीठांचे मराठी विभाग, मराठवाडा साहित्य परिषदेसारख्या संस्था अशी सत्रं घेतात.

कार्यशाळेत बोलण्यापेक्षा करणं जास्त असतं. हातात पुस्तक असतं, कागद असतो, जमलं तर समोर मुलंही असतात.

शिक्षकांना याखेरीज एक चौथी जागा ठाऊक असते, ती म्हणजे केंद्राची शिक्षण परिषद. आठ-दहा किंवा त्याहून जास्त शाळा मिळून एक केंद्र होतं आणि केंद्रप्रमुखांच्या देखरेखीखाली तिथले शिक्षक ठरावीक दिवशी एकत्र येतात. लेखक या परिषदेला सहसा नसतो. लेखक असतो तिथे, म्हणजे संमेलनात, शिक्षक बहुतेक श्रोत्यांच्या खुर्चीत असतो. दोघांनी एकाच टेबलाशी बसावं, यासाठीच शिक्षक-लेखकांचं चर्चासत्र असतं. फलकावरच्या ‘शिक्षक व लेखक’ यातला ‘व’ त्यात सगळ्यात महत्त्वाचा.

वाचनाची चाचणीही गोष्टीनंच होते

हा विषय फक्त साहित्यप्रेमींचा का नाही, हे ‘असर’च्या पाहणीतून कळतं. प्रथम या संस्थेच्या पुढाकारानं ग्रामीण भारतात होणाऱ्या या पाहणीत मुलाला चार पातळ्यांवर वाचायला देतात : अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि शेवटी दुसरीच्या पातळीची एक गोष्ट. ‘मूल वाचू शकतं’ असं म्हणायला त्याला ही गोष्ट वाचता यावी लागते.

२०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्के मुलांना ती गोष्ट वाचता आली. पाचवीत हे प्रमाण ४४.८ टक्के होतं. आधीच्या, २०२२ च्या पाहणीपेक्षा दोन्ही आकडे वाढले आहेत. तरीही अर्थ सरळ आहे. पाचवीच्या निम्म्याहून जास्त मुलांना दुसरीची गोष्ट वाचता येत नाही.

इथे एक जुनी समजूत आड येते. आधी अक्षरं, मग बाराखडी, मग जोडाक्षरं, मग वाक्यं आणि हे सगळं जमलं की बक्षीस म्हणून गोष्टीचं पुस्तक. ज्याला अक्षरं लवकर जमली त्याला पुस्तक मिळतं, ज्याला जमली नाहीत तो पाटीवर ‘क’ गिरवत बसतो. ज्या घरात पुस्तकं आहेत तिथल्या मुलाचं यानं फारसं बिघडत नाही, कारण त्याला रात्री कुणीतरी वाचून दाखवतं. ज्या घरात पाठ्यपुस्तकाखेरीज छापील कागद म्हणजे कॅलेंडर आणि खताची पिशवी, तिथल्या मुलाला मात्र वाचायचं कशासाठी, हेच कळलेलं नसतं. त्यानं गोष्ट आधी ऐकली, पुस्तकातली चित्रं पाहिली, शिक्षकाचं बोट ओळीवरून सरकताना पाहिलं, तर या काळ्या खुणांतून काहीतरी मजेदार निघतं हे त्याला समजतं. गोष्ट हे वाचायला शिकण्याचं साधन आहे. ती शेवटी देण्यात अर्थ नाही.

केंद्र सरकारनं २०२१ मध्ये सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ अभियानात २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, असं उद्दिष्ट आहे. शिक्षकांवर त्याचा दबाव आहे. म्हणून बालसाहित्याच्या चर्चासत्राला आलेल्या शिक्षकाच्या मनात ‘हे माझ्या निपुण चाचणीच्या कामाचं आहे का?’ हा प्रश्न असतोच. तो क्षुद्र समजून टाळणाऱ्या वक्त्याचं भाषण तिथेच संपलं, असं धरायला हरकत नाही.

गोदाकाठची जुनी गोष्ट

मराठवाड्यात बालसाहित्य बाहेरून आलं, असं कुणी म्हटलं तर त्याला शहागडपासून नदीच्या वरच्या अंगाला, पैठणकडे पाहायला सांगावं. पैठण ही तेराव्या शतकातल्या चक्रधरस्वामींच्या वावराची भूमी. त्यांच्या आठवणी सांगणाऱ्या ‘लीळाचरित्रा’त शेणाच्या आणि मेणाच्या घराची गोष्ट आलेली आहे. महाराष्ट्रात आजही लहानग्यांना पहिली गोष्ट म्हणून तीच सांगतात. फरक इतकाच की तिथं कावळ्याच्या जोडीला चिमणी नाही, साळई आहे. मराठी गद्याच्या अगदी सुरुवातीच्या ग्रंथात ही गोष्ट असावी, हे शिक्षकांना मुद्दाम सांगण्यासारखं आहे.

छापील पुस्तकांचा इतिहास मात्र इथून दूर घडला. मुलांसाठीचं सर्वांत जुन्या मराठी मुद्रित पुस्तकांपैकी एक, इसापच्या कथांचं ‘बालबोधमुक्तावली’, १८०६ मध्ये तंजावरला सरफोजीराजांच्या छापखान्यात निघालं. मुंबईत १८२८ साली सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘बाळमित्र’ आणि ‘इसापनीतिकथा’ ही भाषांतरं आली. शिक्षणखात्यात काम केलेल्या विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये ‘बालबोध’ मासिक सुरू केलं आणि मृत्यूपर्यंत चालवलं. वा. गो. आपटे यांचं ‘आनंद’ १९०६ चं. पाठ्यपुस्तक मंडळाचं, म्हणजे बालभारतीचं, ‘किशोर’ नोव्हेंबर १९७१ पासून निघतं.

या यादीत मराठवाडा का दिसत नाही? १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तिथं राज्यकारभाराची व वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. मराठी शाळा थोड्या, मराठी छापखाने त्याहून थोडे. मराठवाडा साहित्य परिषद १९४३ मध्ये स्थापन झाली, विद्यापीठ १९५८ मध्ये आलं. मुंबई-पुण्यात मुलांच्या मासिकांच्या दोन पिढ्या होऊन गेल्या, तेव्हा इथं मराठीतून शिकता यावं यासाठी भांडण चालू होतं. इथल्या शाळांत पुस्तकांची परंपरा उशिरा का रुजली, त्याचं एक मोठं कारण हे आहे. मुलांना किंवा पालकांना ‘वाचनाची आवड नाही’ असं म्हणून मोकळं होणाऱ्यांनी ते लक्षात घ्यावं.

आज चित्र बदललं आहे. साहित्य अकादमी २०१० पासून बालसाहित्य पुरस्कार देते. मराठीसाठीचा २०२४ चा पुरस्कार ‘समशेर आणि भूतबंगळा’साठी भारत सासणे यांना मिळाला, ते मूळचे जालन्याचे. २०२५ चा ‘आभाळमाया’साठी नांदेडच्या सुरेश सावंत यांना मिळाला. त्याआधी बाबा भांड यांनाही हा पुरस्कार मिळाला आहे. ‘धर्मा’सारखी कादंबरी लिहिणारे आणि प्रकाशनही करणारे भांड औरंगाबादचे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचे.

शिक्षकच लेखक झाले तेव्हा

मराठीत मुलांसाठी जे टिकलं, त्यातलं बरंच मुलांसोबत दिवस काढणाऱ्यांनी लिहिलेलं आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. रोजचा अंक हातानं लिहायचा आणि वाचणारी मुलं त्याच इमारतीत राहणारी. लिहिलेलं आवडलं की नाही, हे कळायला प्रकाशकाच्या पत्राची वाट पाहायला लागत नव्हती. ‘श्यामची आई’ त्यानंतर, १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली. तिची रचनाही मुलांच्या घोळक्यात रोज रात्री एक आठवण सांगण्याची आहे. गुरुजींच्या मागे त्यांच्या नावानं सुरू झालेल्या कथामालेनं शाळाशाळांत गोष्ट सांगण्याचा प्रघात पाडला.

गुजरातीत गिजुभाई बधेका यांचं ‘दिवास्वप्न’ याच सुमाराचं. एक शिक्षक चौथीचा वर्ग प्रयोगासाठी मागून घेतो आणि दंगा करणाऱ्या मुलांना पहिल्यांदा गोष्ट सांगायला बसतो, अशी त्या पुस्तकाची सुरुवात आहे. वरिष्ठ अधिकारी येतात, अभ्यासक्रमाचं काय म्हणून विचारतात. नव्वदेक वर्षांपूर्वीचा हा संवाद आजच्या कोणत्याही केंद्रात जसाच्या तसा ऐकायला मिळेल. गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी पुढे बोर्डी आणि कोसबाडला जे काम केलं, त्यात एक कल्पना होती कुरणशाळेची. गुरं राखायला जाणारी मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळा कुरणावर न्यायची. ऊसतोडीच्या पट्ट्यात ही कल्पना पुन्हा आठवावी लागते, त्याबद्दल पुढे.

अलीकडच्या काळात साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळालेल्यांत मुंबई महापालिकेच्या शाळेत शिकवणारे एकनाथ आव्हाड आहेत आणि वनखात्यात नोकरी करणारे सलीम मुल्लाही आहेत. लेखक होण्यासाठी मोठ्या शहरात राहावं लागतं, असं नाही. मुलं आणि त्यांचं जग जवळ असावं लागतं. ते शिक्षकाच्या जवळ असतं. मात्र त्याच्याजवळ पुस्तकं नसतात, संपादक नसतो आणि आपण लिहिलेलं वाचून ‘हे भाषण झालं, गोष्ट नाही’ असं सांगणारा मित्र नसतो.

तात्पर्याचं काय करायचं?

अशा कोणत्याही बैठकीत सगळ्यात जास्त वाद होतो तो तात्पर्यावर. मुलांच्या गोष्टीतून बोध मिळालाच पाहिजे, असं निम्म्या सभागृहाला वाटतं. त्यात त्यांची चूक म्हणावी अशीही नाही, कारण मराठी बालसाहित्याचा पायाच इसापनं घातला. शाळेतही गोष्ट संपली की पुढचा प्रश्न ठरलेला : ‘या गोष्टीतून आपण काय शिकलो?’ त्यावर मुलांचं उत्तरही ठरलेलं. खोटं बोलू नये, आळस करू नये, मोठ्यांचं ऐकावं. गोष्ट कोणतीही असो, ही तीन उत्तरं बहुतेक वेळा चालून जातात. गोष्ट न ऐकताही देता येणाऱ्या उत्तरातून मूल ती समजलं की नाही, हे कसं कळणार?

मराठीत याच्या पलीकडे गेलेले लेखक कमी नाहीत. विंदा करंदीकरांच्या बालकविता उपदेश बाजूला ठेवून थेट गंमतीत शिरतात. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे आज्ञाधारक मुलगा नाही, म्हणून तर तो मुलांना आपला वाटला. माधुरी पुरंदरे यांच्या यश आणि राधा यांच्या पुस्तकांत तर घरातल्या साध्या गोष्टी घडतात. रुसवा, भीती, हट्ट, पाहुणे. कुणी कुणाला धडा शिकवत नाही. टाटा ट्रस्ट्सच्या पराग उपक्रमानं २०१६ मध्ये ‘बिग लिटिल बुक’ पुरस्कार सुरू केला, तेव्हा लेखकासाठीचा पहिलाच पुरस्कार पुरंदरे यांना मिळाला. त्यांनीच संपादित केलेले ‘वाचू आनंदे’चे भाग उत्तम उतारे आणि उत्तम चित्रं शेजारी ठेवतात. शिक्षकानं एकच संच मागवायचा असेल तर आधी हा.

चर्चासत्रात या वादाचा निकाल भाषणानं लागत नाही. एक सोपा प्रयोग करता येतो. एकच छोटी गोष्ट दोन गटांना वाचून दाखवायची. एका गटाला ‘काय शिकलात?’ विचारायचं, दुसऱ्याला ‘पुढं काय झालं असेल?’ किंवा ‘तू त्याच्या जागी असतास तर?’ आणि मग मुलं किती वेळ, किती वाक्यांत बोलतात ते मोजायचं. दहा मिनिटांत सभागृहाला समोर दिसतं. तात्पर्याच्या बाजूचे लोक यानं लगेच मत बदलतीलच असं नाही, पण वाद निदान मुलांच्या बोलण्यावर येतो.

कुणाच्या भाषेत लिहायचं?

दुसरा मोठा प्रश्न भाषेचा. गोदाकाठच्या मुलाच्या तोंडी ‘माय’ असते, शेताला ‘वावर’ असतं, मुलाला ‘लेकरू’. तांड्यावरून येणाऱ्या मुलाच्या घरी गोरमाटी बोलतात, गावातल्या मुस्लिम मुलांच्या घरी दखनी वळणाची उर्दू. पुस्तकात मात्र सगळे जण प्रमाण मराठीत बोलतात, बागेत खेळतात आणि सुटीत आजोळी जातात. ज्याची सुटी उसाच्या फडावर, कोपीत जाते त्याला या पुस्तकात स्वतःचं काहीच सापडत नाही.

इथेही गोदाकाठची एक कथा उपयोगी पडते. पैठण, म्हणजे प्रतिष्ठान, ही सातवाहनांची राजधानी. त्यांच्या दरबारी असलेल्या गुणाढ्यानं ‘बृहत्कथा’ पैशाची भाषेत रचली, असं ‘कथासरित्सागर’ सांगतो. राजानं ती भाषा हलकी म्हणून नाकारली. मग गुणाढ्यानं रानात जाऊन एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवलं आणि अग्नीत टाकलं. चरणं सोडून ऐकत बसलेल्या प्राण्यांची बातमी राजापर्यंत पोचली, तोवर सातांपैकी एकच भाग उरला होता. ही आख्यायिका आहे, इतिहास नव्हे. पण बोलीत लिहिलेलं ‘अशुद्ध’ म्हणून लाल शाईनं खोडणाऱ्या हातासमोर ती सांगण्यासारखी आहे.

याचा अर्थ मुलांना प्रमाण मराठी शिकवूच नये, असा कुणी काढू नये. परीक्षा, अर्ज, नोकरी हे सगळं त्याच भाषेत आहे आणि ती न येण्याची किंमत गरीब मूलच मोजतं. मधला मार्ग अनेक शिक्षकांनी काढला आहे. निवेदन प्रमाण मराठीत, पात्रांची बोलणी बोलीत. किंवा गोष्ट आधी मुलांच्या बोलीत सांगायची, मग तीच पुस्तकातून वाचून दाखवायची. ओळखीची गोष्ट असल्यामुळं अनोळखी शब्द अडत नाही.

पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात, सोनाळे इथं नीलेश निमकर यांनी उभी केलेली ‘क्वेस्ट’ ही संस्था आदिवासी भागात नेमकं याच पद्धतीनं भाषाशिक्षणाचं काम करते. तिच्या ‘गोष्टरंग’ उपक्रमात तरुण कलाकार बालसाहित्यातल्या कथा बसवतात आणि शाळाशाळांत जाऊन सादर करतात. गोष्ट पाहिल्यावर तेच पुस्तक मुलांच्या हाती येतं. नाटक पाहून झाल्यावर पुस्तक उघडणारं मूल अक्षरांशी झगडत नाही, ते पुढची ओळ शोधत असतं.

कुलूपबंद कपाट

आता जरा कोरडा, पण सगळ्यात अडचणीचा विषय. शिक्षणहक्क कायदा २००९ च्या परिशिष्टानुसार प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं आणि त्यात वृत्तपत्रं, मासिकं आणि गोष्टींची पुस्तकंही हवीत. समग्र शिक्षा योजनेत ग्रंथालयासाठी प्राथमिक शाळेला वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत तरतूद आहे. म्हणजे पुस्तकं थोडीफार पोचतात.

पोचतात आणि कपाटात जातात. कारण शिक्षकाचा आळस असेलच असं नाही. शाळेतली वस्तू जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढते, तपासणीला ती दाखवावी लागते आणि पुस्तक फाटलं किंवा हरवलं तर मुख्याध्यापकाला उत्तर द्यावं लागतं. खुर्ची आणि गोष्टीचं पुस्तक एकाच हिशोबात आल्यावर पुस्तक सुरक्षित ठेवण्याचा सोपा उपाय म्हणजे ते कुणाला न देणं. ज्या शाळांनी हे मोडलं, त्यांनी फार काही केलं नाही. वर्गात दोरी बांधून पुस्तकं लटकवली, देवघेवीची वही मुलांच्याच हाती दिली आणि फाटलेलं पुस्तक म्हणजे वापरलेलं पुस्तक, असं अधिकाऱ्यांना पटवून दिलं. हे तिसरं काम शिक्षकाला एकट्यानं जमत नाही. म्हणून चर्चासत्राला केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी हजर असावेत. त्यांचा सत्कार नाही झाला तरी चालेल, पण त्यांनी शेवटपर्यंत बसावं.

पैसे नसतील तरी काही दारं उघडी आहेत. ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीनं इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या व्यासपीठावर २०१५ पासून खुल्या परवान्याची सचित्र पुस्तकं आहेत, त्यात मराठीही भरपूर. ती उतरवून घेता येतात, छापता येतात आणि आपल्या बोलीत भाषांतर करून पुन्हा तिथंच ठेवताही येतात. गोरमाटी घरातून आलेल्या शिक्षकाला आपल्या तांड्यासाठी पुस्तक करायचं असेल, तर त्याला आज प्रकाशक शोधावा लागत नाही. राष्ट्रीय पुस्तक न्यास, म्हणजे नॅशनल बुक ट्रस्ट, याचीही मराठी बालपुस्तकं स्वस्त असतात.

मग दिवसभरात करायचं काय?

नेहमीचा कार्यक्रम सगळ्यांच्या परिचयाचा आहे. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक आणि मुख्य वक्ता माइकपाशी येईपर्यंत जेवणाची वेळ. दुपारी कविसंमेलन. संध्याकाळी प्रमाणपत्रं. मुलं यात स्वागतगीतापुरती असतात आणि ते म्हणून झालं की त्यांना घरी पाठवतात.

याऐवजी सकाळचा पहिला तास एका खऱ्या वर्गाचा ठेवता येतो. गावच्याच शाळेतली पंचवीस-तीस मुलं, एक मोठ्या चित्रांचं पुस्तक आणि वाचून दाखवणारा एक जण. पुस्तक मुलांकडे तोंड करून धरायचं, पानावर एक-दोन ओळी असतील असं निवडायचं, प्रत्येक शब्दाला थांबून अर्थ विचारायचा नाही. चित्रात काय दिसतं ते मुलांना बोलू द्यायचं. लेखकांनी मागं बसून फक्त पाहायचं. मूल कुठं हसलं, कुठं चुळबुळ सुरू झाली, कोणत्या पानावर पुढं सरकून बसलं. याची टिपणं घ्यायची. लेखकाला एवढी स्पष्ट समीक्षा दुसरीकडे कुठं मिळत नाही, आणि ती पदरचे पैसे न खर्चता मिळते.

दुसरा तास लेखकांच्या अप्रकाशित मसुद्यांचा. तेच मसुदे शिक्षकांनी मोठ्यानं वाचायचे, लेखकानं नाही. लेखक स्वतः वाचतो तेव्हा आवाजाच्या चढउतारानं लांबलेलं वाक्यही खपून जातं. दुसऱ्यानं वाचलं की जीभ कुठं अडते ते लगेच कळतं. मुलांसाठीचं लिखाण बरंचसं मोठ्यानं वाचलं जाणार असतं, तेव्हा ही कसोटी लेखकाला टाळता येणार नाही.

दुपारी शिक्षकांची पाळी. प्रत्येकानं आपल्या वर्गातल्या मुलांनी सांगितलेली एक गोष्ट आणायची, मुलांच्याच शब्दांत उतरवलेली. भूत, विहीर, चुलत्याचा बैल, नदीचा पूर, ऊसतोडीच्या वाटेवर ट्रॉलीत घालवलेली रात्र. यातल्या काहींवर लेखक आणि शिक्षक मिळून आठ पानांची पुस्तिका करू शकतात. चित्रं मुलांनीच काढायची. झेरॉक्सच्या दुकानात तिच्या तीस प्रती काढणं सत्काराच्या शालींपेक्षा महाग पडत नाही.

दोनशे जण जमवून हे होत नाही. तीस-चाळीस जणांपलीकडे गेलं की पुन्हा मंच आणि माइक आलाच. आणि एका दिवसानं फारसं हाती लागत नाही. त्याच लोकांनी दोन-तीन महिन्यांनी पुन्हा भेटून कुणी किती वेळा वाचून दाखवलं, कोणतं पुस्तक चाललं, कोणतं पडलं हे एकमेकांना सांगितलं तर पहिल्या दिवसाचा उपयोग होतो. केंद्राच्या शिक्षण परिषदेत यासाठी अर्धा तास मिळाला, तरी वेगळा खर्चही लागत नाही.

तोडीला गेलेल्या मुलाचं पुस्तक

दिवाळीनंतर गोदाकाठच्या अनेक शाळांचा पट कागदावर तेवढाच राहतो, पण वर्गातली मुलं कमी होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबं तीन-चार, कधी पाच-सहा महिने फडावर असतात. एकेकाळी कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालत. आता गावातच हंगामी वसतिगृह किंवा भोजनाची सोय करून मुलांना मागं ठेवण्यावर आणि सोबत गेलेल्यांना तिथल्या जवळच्या शाळेत बसवण्यावर भर आहे. तरीही आईबापांसोबत गेलेलं मूल नव्या शाळेत अनेकदा पाहुणाच असतं. मार्च-एप्रिलमध्ये परत येतं तेव्हा वर्ग पुढं गेलेला असतो.

अशा मुलासाठी पुस्तकानं कुरणशाळेसारखं त्याच्या मागं जायला हवं. काही मार्ग अगदी साधे आहेत. निघताना त्याच्या पिशवीत दोन पुस्तकं द्यायची आणि ती परत आली नाहीत तरी हरकत नाही, असं आधीच ठरवायचं. आईबापाच्या मोबाइलवर शिक्षकाच्या आवाजातली गोष्ट आठवड्याला एकदा पाठवायची. फडावर रेंज नसली तरी कारखान्याच्या रस्त्याला लागल्यावर ती येते. आणि हंगामी वसतिगृहात पुस्तकांची एक पेटी नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच पोचवायची. तिथं मूल शाळा सुटल्यापासून झोपेपर्यंत चार-पाच तास मोकळं असतं. ही पेटी कोण भरणार, त्यात कोणती पुस्तकं असणार आणि रात्री ती उघडून कोण वाचून दाखवणार, हे दिवाळीच्या सुटीआधी ठरवावं लागतं. म्हणून या भागात असं चर्चासत्र घ्यायचं तर सप्टेंबरमध्ये घ्यावं. फेब्रुवारीत, म्हणजे मराठी भाषा गौरव दिनाच्या आसपास घेतलं, तर ज्या मुलांसाठी ते आहे त्यातली बरीच तेव्हा फडावर असतात.